बोटीवरची बक्षिसी

कोल्हापूर,
१८ डिसेंबर २००५

प्रिय दीपा,

तुला पत्र लिहायला बसलोय आणि पहिल्या ओळीतच अडलोय. 'खुशाल असशील' असं लिहायचं, तर गेल्या साडेचार वर्षांत ती खुशाली मी एकदाही विचारलेली नाही. म्हणून ते सोडून देतो आणि सरळ बातमीवर येतो. आम्ही दोघं सिंगापूरला जाऊन आलो. तुझा आप्पा बोटीवर चार दिवस राहून आला, हे ऐकून तू हसशील. शेजारच्या झुंबरबाई तर अजून म्हणतात, "भाऊजी, खरं सांगा, रंकाळ्यातल्याच बोटीत बसून आलासा न्हवं?"

पाइपच्या कंपनीनं गेल्या वर्षीच्या विक्रीवर डीलरांना सहल दिली. मला आधी त्यातच भानगड वाटली. फुकट नेतायत म्हणजे पुढच्या वर्षी भाव वाढवून वसूल करणार. तीनदा नाही म्हणून कळवलं. पण तुझा भाऊ अरिहंत म्हणाला, "दुकान मी बघतो, आईला घेऊन जावा, ती किती दिवसांत घराभायेर पडली न्हाय." ते खरं होतं. तू गेल्यापासून तुझी आई बोलायची ती भाजी काय करू आणि दार लावू का, एवढंच. मंदिराला जायची, यायची. मी विचारायचो नाही, ती सांगायची नाही.

बोट म्हणजे पाण्यावरची बारा मजली इमारत. आमच्या खोलीची साफसफाई करायला एक माणूस नेमलेला होता. पन्नाशीचा, काळासावळा, कानावरचे केस पिकलेले. आम्ही आत शिरलो तसा तो मराठीत म्हणाला, "या, कोल्हापूरचे ना? मी वेंगुर्ल्याचा. बस्त्याव माझा नाव." आई एकदम खुलली. मी मात्र तिथंच सावध झालो. परमुलखात आपल्या भाषेत गोड बोलणारा माणूस भेटला की त्याला काहीतरी विकायचं असतं, हे मला तीस वर्षांच्या धंद्यानं शिकवलंय. मी आईला कन्नडमध्ये सांगितलं, याच्याशी जास्त बोलायचं नाही.

पण तो माणूस भलताच तत्पर. संध्याकाळी आम्ही फिरून आलो तर पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. आई हत्तीकडं बघून हसली. तिचं हसणं मी किती दिवसांनी ऐकलं असेल! खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. बाहेरचा माणूस टॉवेलाला घड्या घालून माझ्या बायकोला हसवतो, आणि त्याचे पैसे शेवटी माझ्याकडून काढणार. दुसऱ्या दिवशी आईनं त्याला सांगितलं की आम्ही सूर्य मावळल्यावर जेवत नाही आणि कांदा-लसूण चालत नाही. तर हा स्वयंपाकघरात जाऊन कुणाच्या तरी हातापाया पडला असेल, रोज साडेपाचला खोलीवर ताट हजर. वरण, भात, बटाटा वगळून केलेली भाजी. बटाट्याचं आम्ही सांगितलंही नव्हतं. ते त्याला कसं ठाऊक, म्हणून मी आणखी संशयात पडलो. रोज खाली जाऊन काउंटरवर विचारायचो, आमच्या खोलीच्या नावावर काही चढवलंय का. काही चढलेलं नसायचं. मग वाटायचं, शेवटच्या दिवशी एकदम चढवणार.

दुकानात नवा माणूस ठेवला की मी काय करतो ते तुला माहीत आहे. नोट पडू देतो. इथंही दहा डॉलरची नोट उशीखाली राहिल्यासारखी ठेवली. परत आलो तर नोट टेबलावर, ग्लासाखाली दाबलेली. दुसऱ्या दिवशी ती खुर्चीखाली टाकली. त्या वेळी बस्त्याव आमच्यासमोरच खोली झाडत होता. नोट उचलून त्यानं माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "शेट, काल उशीखाली होती, आज खुर्चीखाली. दमली ती. आता खिशात ठेवा." चेहऱ्यावर हसू नाही की राग नाही. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी उगाच खिडकीचा पडदा सारखा करत बसलो.

बोटीवर सगळ्या डीलरांत एकच चर्चा. नोकरांना बक्षिसी द्यायची का? कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं की नोकरांची बक्षिसी आधीच भाड्यात धरलेली आहे, वर द्यायची तर तुमची मर्जी. बिद्रीचे बाळासो नाश्त्याच्या टेबलावर मोठ्यानं म्हणाले, "एकदा दिलंय न्हवं कंपनीनं? मग परत कशाला? ह्यांचं हसणं पगारी हसणं हाय, पावणं. उद्या आपण उतरलो की दुसऱ्याला हसतील." सगळे हसले. मला ते अगदी पटलं. मी ठरवून टाकलं, एक डॉलर वर द्यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी बोट पेनांगला लागली. बसनं गाव दाखवायला नेणार होते. आई म्हणाली, डोकं दुखतंय, मी खोलीतच पडते. मी गेलो. पण अर्ध्या वाटेत मनात किडा वळवळायला लागला. सकाळी तर ही व्यवस्थित होती. आणि नको म्हणताना माझ्याकडं बघत का नव्हती? एक देऊळ दाखवून झालं तसा मी टॅक्सी करून परत आलो. धक्क्यावर खलाशी घरी फोन करतात तिथं फोनची एक रांग आहे. त्यातला एक फोन तुझी आई दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि रडत होती. बस्त्याव दहा पावलांवर, तिच्याकडं पाठ करून, तिची पर्स हातात घेऊन उभा.

दीपा, त्या क्षणी मला काय वाटलं ते लपवत नाही. मला वाटलं, यानं हिला गाठली, हिच्याकडून सगळं काढून घेतलं, आणि आता फोनाचे पैसे उकळतोय. मी जाऊन त्याच्या हातातली पर्स हिसकावली. म्हटलं, "किती घेतलंस?" तो म्हणाला, "बायनं लेकीचा नंबर दिला, मी लावून दिला. फोनचा कार्ड माझा होता." आईनं फोन ठेवला, डोळे पुसले आणि सगळ्या लोकांसमोर मला म्हणाली, "व्हय, दीपाला फोन केला. घरातनं केला तर बिलात नंबर येतोय. कोपऱ्यावरच्या बूथवाल्याला तुम्ही सांगून ठेवलंय. गारगोटी दीड तासावर हाय, आणि लेकीशी बोलायला मला समुद्र वलांडून यावं लागलं." एवढं एका दमात ती गेल्या तीस वर्षांत बोलली नव्हती.

बूथवाल्याचं खरं आहे. मी त्याला सांगितलं होतं. दर महिन्याला बिलावरचा एकेक नंबर तपासत होतो, हेही खरं.

खोलीत गेल्यावर तिनं तुझी बातमी सांगितली. सातवा महिना. मग ती म्हणाली, "तिनं तुम्हाला एकच इचारलंय." आणि तुझा प्रश्न सांगितला. मी म्हटलं, जुनं उकरून काय करायचंय? आणि वर डेकवर जाऊन बसलो. जेवायला खाली खोलीत गेलो नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण तिच्या नजरेत मी एक गोष्ट पहिल्यांदा पाहिली. ती माझ्या चेहऱ्यावरून उत्तर वाचायचा प्रयत्न करत होती.

शेवटच्या सकाळी खोलीत एक कोरं पाकीट ठेवलेलं होतं, वर द्यायचं असेल तर त्यात घालायला. आई म्हणाली, "त्याचं म्हैन्याचं कार्ड माझ्या बोलण्यात सपलं. त्याचीबी लेक हाय वेंगुर्ल्याला. द्यायचं का न्हाय ते तुमचं तुम्ही ठरवा, मी सांगणार न्हाय." मी बराच वेळ ते पाकीट हातात धरून बसलो. मनातून तो माणूस अजून उतरलेलाच होता. आईची अडचण पाहूनच त्यानं कार्ड पुढं केलं असेल, मोठ्या बक्षिसीवर डोळा ठेवून, असं एक मन म्हणत होतं. शेवटी शंभर डॉलर घातले. खरं सांगतो, त्यातही परीक्षाच होती. कमी म्हणून घासाघीस केली तर लबाड ठरणार होता, आणि नको म्हणाला तर मोठेपणा मिरवणारा.

त्यानं पाकीट घेतलं, उघडून बघितलं, खिशात घातलं. म्हणाला, "घेतंय तर! ह्याच्यासाठीच घर सोडून इलंय. पण शेट, फोनाचे पैसे ह्यात धरू नकात. तो फोन मी बायक दिलेलो." आणि आमच्या बॅगा उचलून चालायला लागला. मी त्याच्या मागनं चाललो होतो, आणि त्याला काय नावं ठेवावीत ते मला सुचेना. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. नाही, एकदा झालं होतं.

एकदा झालं होतं, मार्च २००१ मध्ये, दुपारी, लक्ष्मीपुरीतल्या आपल्या दुकानात. प्रसेनजीत एकटा आला होता. मी त्याला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. तो म्हणाला, "दीपाशी लग्न करायचं आहे. तुमचा आशीर्वाद हवा, दुसरं काही नको." मी म्हटलं, दुसरं काही नको म्हणणाराच सगळं मागतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन लाख त्याच्यासमोर ठेवले आणि म्हणालो, दुसरीकडं बदली करून घे, तिला विसर. त्यानं ती गुंडाळी माझ्याकडं सरकवली. म्हणाला, "काका, हे आत ठेवा. गिऱ्हाइकं येतील." नमस्कार केला आणि गेला. रागानं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. संध्याकाळी घरी येऊन मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं की मी दोन देत होतो, त्यानं पाच मागितले.

त्यानं पाच मागितले नाहीत. एक रुपयाही मागितला नाही. तू विचारलंस ना, आप्पांनी सांगितलं ते खरं होतं का? खोटं होतं, सगळं. तू आईला म्हणालीस की तू प्रसेनजीतरावांना हे कधीच विचारलं नाहीस, विचारायचं धाडस झालं नाही, आणि बाळ यायच्या आधी तुला हे कळायला हवं. म्हणजे तू माझ्यावर विश्वास न ठेवता लग्न करून त्यांच्या घरी गेलीस, आणि तरी माझं खोटं तुझ्यासोबत त्या घरात राहिलं. हे मला पेनांगपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटत होतं, ते खोटं तू गेलीस त्याच दिवशी संपलं. आणि खोटं का बोललो तेही लिहितो. मला त्यांची जात नको होती. मंदिरात पाठीमागून काय बोलतील याची भीती होती. ते तुझ्या तोंडावर म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून पैशाचं नाव पुढं केलं. गारगोटीचा जनावरांचा सरकारी डॉक्टर, रात्री-अपरात्री लोकांच्या गोठ्यात उभा राहणारा माणूस, तो लालची आहे असं मी गावभर सांगितलं. माझ्या घरात ते सगळ्यांना लगेच पटलं, कारण तशी नजर मीच सगळ्यांना दिली होती.

आज सकाळी हे तुझ्या आईला सांगितलं. ती ओरडली नाही. पातळं, तूप, डिंकाचे लाडू असं पिशवीत भरायला लागली. मी म्हटलं, गारगोटीला चालली आहेस तर दीपाला माझा निरोप सांग, आप्पा चुकला म्हणावं. तर ती म्हणाली, "तोंडी निरोप मी नेणार न्हाय. लिवून द्या, तुमच्या अक्षरात, खाली सही करून. उद्या तुम्ही फिरलासा तर?" म्हणून हे पत्र. ती दारात चपला घालून उभी आहे आणि मी शब्द गाळत नाही ना, हे मधून मधून येऊन बघते आहे. तिला माझा भरवसा नाही. हे प्रसेनजीतरावांना वाचायला दे. त्यांनी मला दारात उभं करायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं. मी वाट बघीन, विचारणार नाही. एस.टी.ची वेळ झाली, आई हात पुढं करून उभी आहे.

अजूनही तुझाच म्हणवून घेणारा,
आप्पा
(पार्श्वनाथ, सही केली आहे)