मागच्या सीटवरचा झटका

औंढा नागनाथ,
सोमवार

प्रिय मोहिनी,

आधी ‘सौ. मोहिनीताई’ असं लिहिलं होतं. माझं मलाच हसू आलं, म्हणून तो कागद फाडला. बावीस वर्षांनी तुला पत्र लिहितोय, तेही गॅरेजमध्ये बसून, ग्रीसच्या हातांनी. डाग पडले असतील तर सांभाळून घे. मंजुळामावशी उद्या तुला भेटायला शिरड शहापूरला येणार आहे, तिच्याकडे देतोय. तिला वाचता येत नाही आणि चौकशा करायची सवयही नाही. माझं ठीक चाललंय. द्वारका आणि दोन्ही लेकरं मजेत आहेत. नव्या गाड्यांना हल्ली कार्बोरेटरच नसतो, त्या शोरूमला जातात. माझ्याकडे जुन्या येतात, आणि त्यातच तुमची मोटारसायकल.

तुझा नवरा मला मेव्हणा म्हणतो. बायकोच्या गावचा माणूस म्हणजे मेव्हणाच, त्यात त्याची काय चूक? मी गोरेगावचा आहे हे कळल्यापासून तो गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. शिवहार चांगला माणूस आहे गं. चांगला नसता तर मला सोपं गेलं असतं. तुझ्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा हिंगोलीला डायलिसिसला न्यावं लागतं, हे मला त्याच्याकडूनच कळलं. मी प्लग पुसत होतो. नंतर बराच वेळ तोच प्लग पुसत बसलो.

गेल्या महिन्यात तो पहिल्यांदा तक्रार घेऊन आला. म्हणाला, “मेव्हणं, गाडी झटके मारून राहिली म्हन्ते ती. मला तर काई जाणवत न्हाई. पन मागं बसलं की कळतं म्हन्ते.” जीपमध्ये दाटीत तुला बसवत नाही, एस.टी.त उभं राहवत नाही, म्हणजे गाडीशिवाय गत नाही. मी म्हटलं, ठेवून जा.

आता यातली माझी गोची ऐक. अर्ध्या रेसवर चालताना कार्बोरेटरमधली एक बारीक सुई इंजिनाला पेट्रोल मोजून देते. पूर्ण रेस दिली की सुईचं काम संपतं, मग मेन जेटच्या भोकातून येईल तेवढंच पेट्रोल. ते कमी पडलं तर गाडी अडखळते, झटका देते. जास्त झालं तर झटका जातो, पण मागून कच्च्या पेट्रोलचा धूर निघतो, आणि त्या वासानं तुला उलट्या होतात असं शिवहारनं आधीच सांगून ठेवलेलं. म्हणजे सपाट रस्त्यावर धूर नको आणि औंढ्याच्या चढाला झटका नको. दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाला मी सरळ सांगितलं असतं, दोन्हीपैकी एक काय ते घे.

मागं वजन ठेवल्याशिवाय हे जुळवता येत नाही. शिवहार भाबडेपणानं म्हणाला, “तिलाच बसवून एक चक्कर मारा ना.” मी एकदम नाही म्हटलं. नुसतं वजन सांगा म्हटलं. डायलिसिसच्या आधी दर खेपेला काट्यावर उभं करतात, त्यामुळं त्याला तोंडपाठ होतं. त्रेचाळीस. तू त्रेचाळीस किलोची कधी होतीस, मोहिनी? सातवीत? शेजारच्या हरिचंदच्या आडतीवर जाऊन मी मोजून त्रेचाळीस किलो सोयाबीन पोत्यात भरायला सांगितलं. तो म्हणाला, “असलं अवघड माप काहून? पन्नास भरतो की.” मी त्याच्यावर उगीच खेकसलो.

ते पोतं मागच्या सीटवर बांधून चार दिवस त्याच चढावर खेपा घातल्या. सुई एक खाच वर घेतली तर धूर झाला. परत खाली आणली आणि मेन जेट एक नंबर मोठा टाकला, हवेचा स्क्रू पाव पाव फेऱ्यानं फिरवत राहिलो. शेवटच्या दिवशी दोरी सोडली आणि पोतं नुसतं उभं ठेवलं. वेडेपणाच तो. चढाला मूठ पूर्ण पिळली. जरा जरी झटका असता तर पोतं मागं कलंडलं असतं, पण ते हललं नाही. धूरही नाही. इतकी साफ गाडी मी आजवर कुणाची केली नाही. आणि नेल्यावर तिसऱ्या दिवशी शिवहार ती परत घेऊन आला. झटके आहेतच म्हणे.

पुन्हा उघडली, काही सापडलं नाही. काल तो तिसऱ्यांदा आला. “दोन खेपा चुकल्या, मेव्हणं. डॉक्टर लई चिडून राहिले. गाडी बराबर झाली की येते म्हन्ते.” एवढं बोलून माझ्यासमोर रडला. मी चहा मागवला. दुसरं काय करणार होतो? तो गेल्यावर कार्बोरेटर पेट्रोलच्या भांड्यात टाकला आणि मग मला तुझी सायकल आठवली. तुझ्या लग्नाची बोलणी चालली होती त्या महिन्यात तू भेटायला यायचं बंद केलंस. सायकलची चेन उतरते म्हणालीस. मी गाढव, तुमच्या दारात जाऊन तीनदा चेन आवळून आलो. चेन चांगली होती. तुला ‘नाही’ म्हणवत नाही, तू ते वस्तूवर ढकलतेस.

गाडी माझ्याकडे उभी आहे आणि तिच्यात काहीही दोष नाही. हे शिवहारला सांगावं तर तू खोटी पडतेस, न सांगावं तर तो गाडीच्या मागं धावत राहील आणि तू घरात संपशील. तू थकली असशील. सुया नको झाल्या असतील, त्याची ओढाताण बघवत नसेल. जग, असं म्हणायला मी तुझा कोण? पण तू जगायला हवी आहेस मला. मला फार भीती वाटते आहे. उद्या शिवहार आला की सांगणार आहे, जेटमध्ये कचरा होता, काढला. गुरुवारी तो गाडी दारात लावेल. बस तिच्यावर, मोहिनी. बसायचंच नसेल तर त्याला खरं काय ते तुझ्या तोंडानं सांग, तेवढा तरी त्याचा हक्क आहे. आणि तेही जमलं नाही तर झटके आहेत असंच म्हण. तो गाडी घेऊन येईल, मी निमूट कार्बोरेटर उघडून बसेन. मला दुसरं काही येत नाही.

गोरेगावचा, तुझाच
भागवत