बाबांचं आसन विकणे आहे

प्रिय अनान,

हे पत्र अक्राच्या बसचा ड्रायव्हर तुझ्या हातात देईल. फोन करायचा धीर होत नाही. रविवारी केला, तर तू नेहमीसारखा "सगळं ठीक आहे, दादा" म्हणालास आणि मीही "देवाची कृपा" म्हणून ठेवून दिला. खोटं दोघेही बोललो.

इकडे कोकोच्या शेंगा यंदा झाडावरच काळ्या पडतायत. चर्चमध्ये शास्त्रवाचन करताना माझी ओळ चुकते. थकलोय रे, आणि ते सगळं वयामुळे नाही.

दोन आठवड्यांपूर्वी तुझी वहिनी मोबाइलवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात प्लास्टिकच्या खुर्च्या शोधत होती. एकदम ओरडली, "अहो, हे मामंजींचं आसन तर नव्हे?" मी म्हणालो, "काहीतरीच! ते अनाननं दुरुस्तीला नेलंय. असली कोरीव लाकडी आसनं कुमासीत ढिगानं मिळतात." विकणाऱ्याचं नावही निराळंच होतं. पण फोटोत आसन भिंतीशी आडवं टेकवलेलं. खाली कुणा शहरी गिऱ्हाइकाचा टोमणा, "फोटो काढताना पडलं का, राव? उभं करून दाखव की!" आणि त्याला उत्तर, "माणूस उठला की आसन आडवंच ठेवतात, साहेब. नाहीतर भलतंच कुणी येऊन बसतं." आपल्याकडे हे सगळेच पाळतात, पण 'भलतंच कुणी' म्हणायचे ते फक्त बाबा. मी तिथंच ओळखलं तुला.

इतका राग आला की त्या रविवारी मी प्रभुभोजन घेतलं नाही. मग वहिनीच्या मोबाइलवरून तुझं गिऱ्हाईक, मॅडम ओफोरी झालो. हो, ती मीच. घासाघीस केली, कोरीव कामात खोट काढली, "पुढच्या आठवड्यात नक्की नेते" म्हणत तुला झुलवत ठेवलं. तू वैतागलास. "मॅडम, शेवटचा भाव सांगितलाय. दुसरा माणूस पैसे घेऊन तयार आहे. घेणार आहात की नुसतं खेळवताय?" मला एवढंच हवं होतं: ईस्टरला सगळं कुटुंब जमेपर्यंत आसन अडकवायचं आणि मोठ्यांच्या देखत तुला उभं करायचं.

काल तू मॅडमला लिहिलंस, "माझ्या लेकीचं, सेरवाचं, हृदयाचं ऑपरेशन आहे. शुक्रवारपर्यंत पैसे भरायचेत. नाहीतर वडिलांचं आसन कुणी विकतं का, ताई? भावाला कोणत्या तोंडानं सांगू?" जे भावाला सांगता आलं नाही, ते तू एका परक्या बाईला सांगितलंस. ज्याला काही सांगवत नाही असा भाऊ मीच झालो असणार. अनान, त्या दुसऱ्या माणसाला आसन देऊन टाक. बाबांना मी प्रार्थनेत सांगेन. मॅडम ओफोरी आता काही लिहिणार नाहीत. भावाला कळलंय. उद्याच्या बसनं तो निघतोय.

तुझाच दादा,
मेन्सा