निळ्या कोपऱ्यातली हाक

१२ फेब्रुवारी

लाल कोपऱ्यास निळ्या कोपऱ्याचा नमस्कार.

ओळखलंस का? गेल्या महिन्यात बॉक्सिंगच्या निवड सामन्यात दुसऱ्या राउंडला तू ज्याला आडवं केलंस, तो मी. तुझं नाव मला ठाऊक आहे, पण ते लिहायला गेलं की पेन अडतं. तुझ्या बनियनवर क्लबचं नाव होतं, त्यावरून पत्ता शोधला. घाबरू नकोस, शिव्या घालायला लिहीत नाहीये. पत्र अशासाठी की डोक्याला मार बसल्यामुळे डॉक्टरांनी मला मोबाइल बघायला बंदी केली आहे, आणि मामाने तो चक्क एका गादीत घालून शिवून टाकलाय. कुठल्या गादीत, ते सांगत नाही. ती विकली गेली नसली म्हणजे मिळवली.

तर आमचा गाद्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबच लांब खोली, एका टोकाला कापूस पिंजायचं यंत्र आणि बाकी सगळीकडे गठ्ठे. वर माळा आहे, तिथे मामा, मामी आणि मी राहतो. आई गेली तेव्हापासून मी यांच्याकडेच आहे. कोपऱ्यात पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन उभा असलेला जाडा माणूस तू पाहिला असशील, तोच मामा. मला बॉक्सिंग त्यानेच शिकवलं. रस्त्यापलीकडचा न्हावी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "गादीवाल्याचा भाचा तो, आडवा होणारच." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो. आता तो विनोद रोज दाढी करून बाहेर पडतो.

एप्रिल उजाडेपर्यंत मला काहीही करायचं नाही. पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही, ग्लोव्हज तर बघायचेही नाहीत. मामी मला तळहातावरच्या फोडासारखं जपते. जिना उतरायला लागलो की दंड धरते. माळ्याच्या एकुलत्या एका खिडकीपुढे कापसाचे गठ्ठे रचलेत, ते कुणी हलवत नाही कारण हलवणारा मीच होतो. दिवसभर पडून छताकडे बघायचं आणि खालून यंत्राची घरघर ऐकायची. हवेत कापूस, चहात कापूस. कधी कधी वाटतं, मोबाइलबरोबर मलाही कुणीतरी शिवून टाकलंय.

मी का पडलो, याची प्रत्येकाकडे वेगळी गोष्ट आहे. मामी म्हणते, जमीन ओली होती. न्हावी म्हणतो, तुझा ठोसा नशिबाने लागला. मामा म्हणतो, चूक त्याची, हाक द्यायला त्याला उशीर झाला. उशी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही तो हेच सांगतो. "अर्धा क्षण आधी ओरडलो असतो तर पोरगं वाचलं असतं. पुढच्या वेळी आधीच ओरडणार." जाऊ दे, ते त्याचं चालूच असतं.

त्या दिवशीचं कुणीतरी चित्रण केलंय म्हणे. न्हाव्याने पाहिलं. त्यात तुझी पाठ दिसते आणि मग माझे पाय दिसतात. पायांना काय विचारणार?

मला तर काहीच आठवत नाही. म्हणून तुला विचारतो, कारण माझ्या सगळ्यांत जवळ तूच होतास, आणि माझं मन राखायची तुला काही गरज नाही. तुझा हात आला तेव्हा मी कुठे बघत होतो?

तुझा (असं लिहायची पद्धत आहे म्हणून),
निळा कोपरा


३ मार्च

लाल कोपऱ्या,

तुझं पत्र मामीने वर आणून दिलं. "कुणाचं रे?" म्हणाली. म्हटलं, मित्राचं. तेव्हा ते खोटं होतं, आता वाचून झाल्यावर तितकंसं खोटं वाटत नाही.

तू मोजकंच लिहिलंस पण मला ते पाठ झालंय. "तू माझ्याकडे बघत नव्हतास. घरून जेवायला हाक आली की पोरं खेळ सोडून मागे बघतात ना, तसा तुझ्या कोपऱ्याकडे बघत होतास. हातही खाली आले होते. माझा हात निघून गेला होता, परत आणता आला नाही. कुणीतरी काहीतरी ओरडलं, शब्द कळला नाही." आणि पुढे तू लिहितोस की तेव्हापासून सरावात समोरचा आपल्याकडे बघतोय ना, याची तू आधी खात्री करून घेतोस, आणि तोवर तो तुला ठोकून मोकळा होतो. हे वाचून मी मोठ्याने हसलो. मामीला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. मग हसू थांबलं, कारण तुझीही माझ्यासारखीच गोची झालेली दिसते.

आता खरं सांगतो. मला आठवतं. सगळं आठवतं. कुणी विचारू नये म्हणून विसरल्याचं सोंग घेतलं होतं, आणि तुला विचारलं ते माझं चुकत असेल या आशेने. तू ती आशा संपवलीस.

मामाच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी आहेत. पिंजायच्या यंत्रात दात्यांचा रूळ असतो, त्यात कापूस सारावा लागतो. तरुणपणी त्याचा हात कापसाबरोबर आत गेला. समोर माणूस होता, त्याने पाहिलंही, पण ओरडायच्या ऐवजी धावत आला. बॉक्सिंग करायची मामाची फार हौस होती, ती तिथेच संपली. पुढे मी आलो, यंत्रावर उभा राहायला लागलो, तेव्हा मामाने पहिल्याच दिवशी बजावलं, की माझी हाक आली की हात मागे, मान हाकेकडे, डोळे माझ्या डोळ्यांत. का, कशाला, ते नंतर विचारायचं. त्यासाठी त्याने माझं एक वेगळं नावच राखून ठेवलं. एरवी तो "अरे", "ए गाढवा" असं काहीही म्हणतो. ते नाव फक्त हाकेचं. यंत्राच्या घरघरीत शेजारी ढोल वाजला तरी कळणार नाही, पण ते नाव मला ऐकू येतं. माझी दहाही बोटं जागेवर आहेत ती त्या नावामुळे.

राउंड चालू असताना कोपऱ्यातून ओरडायचं नसतं, रेफ्री दटावतो. मामा कधी ओरडलाही नव्हता. त्या दिवशी त्याला तुझा डावा खांदा खाली गेलेला दिसला, आणि त्याच्या तोंडून नाव निघालं. माझे हात मागे गेले, मान वळली, मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. अगदी शिकवल्याप्रमाणे. त्याचे डोळे मात्र तुझ्या खांद्यावर खिळले होते, त्याला माझी मान दिसलीच नाही. माझ्याइतका आज्ञाधारक बॉक्सर तुला शोधून सापडायचा नाही.

आता माझी पंचाईत बघ. मामाला वाटतं हाक उशिरा गेली. म्हणून एप्रिलअखेरच्या सामन्याला तो आधीच ओरडणार आहे. गादीला टाके घालता घालता मान वर करतो आणि मला म्हणतो, "या वेळी चुकायचो नाही." इतक्या मायेने म्हणतो की मी मान डोलावतो. त्याला खरं सांगितलं तर तो मोडून जाईल. नाही सांगितलं तर तो हाक मारील, आणि माझी मान पुन्हा वळेल. ती माझं ऐकत नाही, त्याचं ऐकते.

तू लिहिशील, दुसरा कोच बघ. अरे, मी ज्याच्या ताटात जेवतो, ज्याच्या माळ्यावर झोपतो, ज्याच्या यंत्रावर काम करतो आणि ज्याच्या हातातल्या पॅडवर ठोसे मारतो, तो सगळा एकच माणूस आहे. राजीनामा नेमका कुठे देऊ?

ओरडलेला तो शब्द कोणता, असं तू विचारलंस. ते नको.

निळा कोपरा


१८ एप्रिल

प्रिय लाल कोपऱ्या,

डॉक्टरांनी कागदावर सही केली. मी मोकळा झालो, निदान कागदावर. आणि तू वरच्या वजनी गटात गेलास हे वाचून जीव भांड्यात पडला, आता परत समोरासमोर यायला नको. तुझे हात वेळेवर निघायला लागले, हेही वाचलं. बरं वाटलं.

माझं सांगतो. परत यंत्रावर उभा राहिलो तेव्हा मनाशी एक ठरवलं होतं, की हाक आली तरी बघायचं नाही. मानेला वळण लावायचं. मामाला पत्ता लागू द्यायचा नाही. पण ती हाक काही रोज येत नाही, तिची वाट बघावी लागते. मंगळवारी आली. मी कापूस सारत होतो, आणि मागून नाव आलं. मान लाकडासारखी ताठ धरली. एक क्षण, दोन क्षण. वळली नाही! लाल कोपऱ्या, मी जिंकलो रे, असं मनात म्हटलं. आणि त्या आनंदात हात पुढेच जात राहिला.

मामाने झेप घालून बटण बंद केलं. शर्टाची बाही कोपरापर्यंत फाटून रुळाला गुंडाळली गेली होती. हाताला साधा ओरखडा नाही. मग मामाने माझ्या थोबाडीत मारली. मला ठोसे शिकवणाऱ्या या माणसाने आजवर माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. ती थप्पड येताना मला स्वच्छ दिसत होती. मी हललो नाही.

"ऐकू नाही आलं?"

"आलं."

"मग बहिरा झालास का? मेला असतास ना!"

यंत्र बंद झाल्यावर ती खोली किती शांत होते, हे मी विसरलो होतो. त्या शांततेत माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, त्या दिवशीही ऐकू आलं होतं."

तो बघत राहिला. मामी जिन्यात येऊन उभी राहिली होती.

"म्हणजे उशीर नव्हता झाला," मामा म्हणाला.

"नाही."

"हाक वेळेवर पोचली."

"हो."

त्याने रुळाभोवतीची बाही सोडवली, तिची नीट घडी केली आणि गठ्ठ्यावर ठेवली. फाटक्या बाहीची घडी. मला रडू आलं. त्याला आलं की नाही माहीत नाही, तो पाठमोरा होता.

तेव्हापासून मामाने हाक मारणं सोडलंय. काही सांगायचं असलं की यंत्र बंद करतो, खोलीभर चालत येतो आणि खांद्याला हात लावतो. पिंजण निम्म्यावर आलं. "या घरात काय सगळे मुके झालेत का?" असं म्हणून मामी भांडी आपटते. सामन्याला कोपऱ्यात येणार नाही, असंही त्याने सांगून टाकलं. वाटलं होतं, मला सुटल्यासारखं होईल. पण सराव करताना डोळे पुढे असतात आणि कान मागे लागलेले. येणार नाही हे माहीत असूनही मी हाकेची वाट बघतो. मला भीती वाटते रे. पहिल्यापेक्षा जास्त वाटते.

काल तो माझ्या हातांना पट्ट्या बांधत होता. तीन बोटांच्या हाताने तो जशा बांधतो तशा कुणालाच जमत नाहीत.

"कोपऱ्यात कोण उभं राहणार?" त्याने विचारलं.

"बघतो कुणीतरी."

"आणि पडलास तर?"

मी दुसरा हात पुढे केला.

"मागच्या वेळी रेफ्री आकडे म्हणत होता, ते तू ऐकलेसुद्धा नाहीस. मी नाव घेत होतो. सारखा घेत होतो. त्यावर डोळे उघडलेस तू. आता कोण घेईल?"

ते खरं आहे. तुला लिहिलं नव्हतं, पण तेही आठवतं मला. अंधार होता, गादीच्या आत असावा तसा, मऊ आणि बंद, आणि कुठूनतरी बाहेरून ते नाव येत होतं. मी त्याच्या मागे मागे बाहेर आलो.

मग मी मामाला तुझं नाव सांगितलं. म्हटलं, त्याला विचारू? मामाने पट्टीला गाठ मारली. पाडलं त्यालाच कोपऱ्यात उभं करायचं, हे त्याला पटायला जरा वेळ लागला. मग म्हणाला, "विचार. तुझी मान कुठे होती ते त्याला एकट्याला दिसलं होतं." पट्टी चाचपत म्हणाला, "त्याला सांग, पहिलं अक्षर आखूड आणि शेवटचं लांब. घशातून नाही, पोटातून. नाहीतर याला ऐकू जायचं नाही." आणि लांबच लांब खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उशांना खोळी घालत बसला.

म्हणून विचारतो. सामना महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. येशील? बाटली, टॉवेल, बसायचं स्टूल, सगळं मामा देणार आहे. तुझं काम एवढंच, की मी उभा असेपर्यंत तोंड उघडायचं नाही. समोरच्याचा खांदा खाली जाताना दिसला, ठोसा निघालेला दिसला, मी मूर्खासारखा चुकत असलो, तरीही नाही. मामाला हे जमणार नाही. त्याला आपल्या माणसाकडे गप्प राहून बघताच येत नाही. तुला जमेल असं वाटतं.

पण पडलो तर मात्र हाक मार. मी डोळे उघडीपर्यंत मारत राहा.

नाव असं आहे. कापूस कितीही पिंजला तरी एखादं बी आत राहतं आणि नव्या गादीतून माणसाला टोचतं. मी या घरात आलो तेव्हा नुसता हाडांचा सापळा होतो, मामाच्या कुशीत झोपायचो आणि त्याला टोचायचो. तेव्हा त्याने ठेवलं. मामाशिवाय आजवर कुणी घेतलेलं नाही. खाली लिहितो, सांभाळून ठेव.

तुझा,
सरकी