कॉकचा अर्धा फेरा

लक्षद्वीप,
१२ एप्रिल १९९८

तीर्थस्वरूप गिरधरआबांस,
झुलालचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. सुनंदाचं लग्न आखाजीच्या सणानंतर ठरल्याचं वाचून बरं वाटलं. केळीला पाणी पुरतंय का? भडगावला गिरणा एव्हाना आटली असेल. इथे चहूकडे पाणी, पण प्यायचं जपून. पाहुण्यांना समुद्राखाली फिरवायचं काम चालू आहे. भात-मासे खाऊन कंटाळलोय, कळण्याच्या भाकरीची आठवण येते.

तुम्ही लिहिलंय, अभिमन नाही, तेव्हा नवरदेवाचा कान पिळायला भाऊ म्हणून तूच उभा राहा. चार दिवस उत्तर लिहायला बसतोय आणि उठतोय.

परवा एक जर्मन पाहुणा आला. आमच्यासारखं हवेचं सिलिंडर पाठीवर घेत नाही. दोन सिलिंडरं दोन्ही काखांखाली अंगासरशी बांधतो. साठीचा माणूस, कंबर दुखते. पाठीवर ओझं वाहायला नको, पाण्यात उतरून एकेक अडकवतो. एक बिघडलं तर दुसरं आहेच. हौशी लोकांनी असंच करावं, म्हणतो. मी चेष्टा केली की गोण्या लादलेल्या गाढवासारखं दिसतं. मग त्यानं मलाच बांधून दिलं. खाली गेलो तर पाठ मोकळी, अंग हवं तसं वळतं. आणि हवा सोडायचे दोन्ही कॉक छातीपाशी, डोळ्यांसमोर. आपल्या हातानं उघडायचे, आपणच बघायचे.

वर आलो आणि बोटीत रडलो. त्याला वाटलं, खारं पाणी डोळ्यांत गेलं.

आबा, पाठीवरच्या सिलिंडरचा कॉक मानेमागे असतो. ज्याचा त्याला दिसत नाही, हात धड पोचत नाही. म्हणून जोडीदार उघडून देतो. अभिमनचा मी, माझा तो. 'तुनी पाठ मी देखस, मनी तू देख,' म्हणायचा. आमची पद्धत अशी, की कॉक पूर्ण उघडायचा आणि अर्धा फेरा मागे घ्यायचा. अभिमन गेला त्या दिवशी घाई होती. कॉक आधीच उघडा होता. उघडतोय असं समजून मी उलटा फिरवून तो बंद केला आणि सवयीनं अर्धा फेरा मागे घेतला, म्हणजे तेवढाच उघडा राहिला. बोटीत त्यानं श्वास घेऊन पाहिला, हवा आली. तेवढ्या फटीतून वर पुरते, खोल गेल्यावर पुरत नाही.

मी पुढे पाहुण्यांकडे बघत होतो. मागे वळलो तोवर सगळं संपलं होतं. त्याला वर आणण्याआधी मी तो कॉक पूर्ण उघडून टाकला. चौकशीत सांगितलं, घाबरला, तोंडातली नळी काढून फेकली. तेच लिहून घेतलं गेलं.

तेराव्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, 'मना पोऱ्या पानीले घाबरी गया.' आणि मी त्याला वर आणलं म्हणून मला पोटाशी धरलंत. ते ऐकून मी तुमच्या पंगतीत जेवलो. तीन वर्षं तुम्ही तेच सांगत आलात. मला लाज वाटते, आबा.

चौकशीवाल्यांनाही आज खरं लिहून पाठवतोय. लग्नाआधी येईन, पण कान पिळायला नाही. तुमच्यासमोर उभा राहीन, मग तुम्ही दारातून हाकललंत तरी चालेल.

अभिमनच्या आईला, बेबाबाई मायला, एवढं वाचून दाखवा. अभिमन घाबरला नव्हता. मला सापडला तेव्हा त्याचा उजवा हात मानेमागे पट्ट्यात अडकलेला होता. काय बिघडलंय ते त्याला कळलं होतं आणि तो ते नीट करत होता. कॉक त्याच्या बोटांपासून चार बोटांवर राहिला.

तुमचा अपराधी,
झुलाल