नव्या ब्राउझरशी माझा असहकार

४ मार्च, सकाळी
ब्राउझर उघडला आणि घर चुकल्यासारखे झाले. वरची टॅबची रांग डावीकडे उभी केली आहे, शिक्षा झालेल्या पोरांसारखी. मेनू गायब. सगळे कोपरे गोल. कोपऱ्यात एक मदतनीस लुकलुकत विचारतो, आज काय लिहू या? लिहू या! दर रविवारी वर्तमानपत्रात शब्दांच्या व्युत्पत्तीवर माझे सदर येते, लेकीच्या जन्माआधीपासून. हा कोण टिकोजीराव मला विचारणारा?

दुपारी
जुनी आवृत्ती हुडकून पुन्हा बसवली. अपडेट कायमचे बंद. हिला सांगितले, हे तत्त्वाचे युद्ध आहे. ही म्हणाली, जरूर लढा, पण गॅसवर दूध आहे तेवढे बघा. दूध उतू गेले. युद्धात हानी व्हायचीच.

५ मार्च
वापरकर्त्यांच्या फोरमवर निवेदन टाकले. सुरुवात मवाळ, शेवट जहाल. जुने रूप परत मिळेपर्यंत नवी आवृत्ती कोणीही घेऊ नये. ‘खवटकाका’ नावाच्या सभासदाने लिहिले, गुरुजी, तुम्ही पुढे व्हा, आम्ही पाठीशी आहोत. ‘जुनं ते सोनं’ या बाईंनी वळलेल्या मुठी पाठवल्या. ऊर भरून आला. कंपनी आठवडाभरात गुडघे टेकणार.

६ मार्च
फोरमवर प्रत्येकाच्या नावाखाली त्याची आवृत्ती आपोआप उमटते, हे आज ध्यानात आले. खवटकाका: नवी. जुनं ते सोनं: नवी. मुठीवाले यच्चयावत नवे. खवटकाकांना जाब विचारला. म्हणाले, गुरुजी, शत्रूच्या गोटात शिरून लढतोय. पटले. म्हणजे उघड मैदानात मी एकटाच. महत्त्व वाढलेच म्हणायचे.

७ मार्च, गुरुवार
लेख धाडायचा दिवस. वर्तमानपत्राचे पोर्टल म्हणते, तुमचा ब्राउझर जुना आहे, प्रवेश नाही. उपसंपादक मुलीचा फोन आला. सर, मेल करा ना, मी लावते. मी म्हणालो, मागच्या दाराने मी जात नाही; पोर्टल सुधारा.  ती म्हणाली, बघा सर, संपादक तसेही त्या जागेचा विचार करताहेत. सूचक वाक्य. सदर अर्ध्या पानाचे करणार बहुतेक.

१० मार्च, रविवार
सदराच्या जागी गादीची जाहिरात. आता उसळेल वाचकांचा क्षोभ. फोन चार्ज करून उशाशी ठेवला. दर आठवड्याला माझी एक तरी चूक काढणारे निवृत्त न्यायाधीशसुद्धा गप्प आहेत. धक्क्याने आजारी पडले असावेत.
रात्री जेवताना ही म्हणाली, अहो, ज्यांच्याशी भांडताय, त्यांना ठाऊक तरी आहे का तुम्ही भांडताय ते? स्त्रियांना धोरण कळत नाही.

१४ मार्च
लेख धाडला नाही. फोनही आला नाही. घाबरलेले दिसतात.
लेकीचा व्हिडिओ कॉल. बाबा, तुझा नुसता आवाज येतोय, दिसत नाहीयेस. अपडेट कर ना रे. म्हटले, बापाचा आवाज पुरेसा असतो. ती म्हणाली, आईला दे फोन.

१७ मार्च, रविवार
पुन्हा गादी. या खेपेस उशीसह.

२० मार्च
केवळ शत्रुपक्षाच्या अभ्यासासाठी नवी आवृत्ती घेतली. डावीकडची रांग तितकी वाईट नाही, पण हे कुठे बोलायचे नाही. जन्मात लिहिला नसेल असा लेख लिहिला. पोर्टल उघडले. यादीत माझे सदरच नाही.
उपसंपादक मुलीला फोन लावला. म्हणाली, सर, मी कळवणारच होते, धीर होत नव्हता. दोन रविवार लेख नव्हता. संपादक म्हणाले, बघू कोण विचारतं. कोणी विचारलं नाही, सर. मग हळूच म्हणाली, माझी आजी मात्र नेमानं वाचायची तुमचं. मी विचारले, मग तिने का नाही विचारले? सर, ती मागच्या वर्षीच गेली.
हिला सांगितले, सदर मीच थांबवले. ही उठली. चहा आणून ठेवला. हिचे हे असे न मागता चहा देणे मला सहन होत नाही.

२४ मार्च, रविवार
त्या जागी आता शब्दकोडे आहे. भाषेची ही पातळी! ढुंकूनही पाहणार नव्हतो. मात्र टीका करायची तर अभ्यास हवा, म्हणून पेन घेतले. अगदीच बाळबोध. हिने स्वयंपाकघरातून विचारले, सुटलं का? म्हणालो, असल्या गोष्टींना मी हात लावत नाही.
तेरा आडवे तेवढे अडले आहे. उत्तर पुढच्या रविवारी.