शूटिंगसाठी उचकटलेला बांध

मलकापूर, मे १९९६, मंगळवार

घरी आलो तरी डोकं शांत होत नाही. खंडाळ्याकडच्या माळावर बायकांनी ओढ्याचं पाणी अडवायला दगडी बांध घातलाय. हे काम करवून घेणाऱ्या संस्थेनं आज मला, लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याला, त्याच्या शूटिंगला नेलं. शूटिंग म्हणजे लग्नातलंच, असं समजून बाया ठेवणीतली लुगडी नेसून, गजरे माळून आल्या होत्या. बांध तर कधीच पुरा झालेला. संस्थेचे साहेब म्हणाले, "काम चालू दिसलं पाहिजे. थोडा उचकटा."

कोपऱ्यातला मोठा दगड त्यांच्यातल्या हौसाबाईंनी बसवलेला. त्या म्हणाल्या, "आवं, दोन दिस लागलं हुतं त्यो बसवायला. आता परत काढायचा व्हय?"

काढला, परत बसवला. एकदा साहेबांसाठी आणि दोनदा माझ्यासाठी, कारण मधेच ढग येऊन उजेड जात होता. "अजून एकदा, मावशी," असं मीच म्हणालो ना? शेवटी तो दगड डुगडुगायला लागला. साहेब म्हणाले, "टीव्हीवर काय कळतंय?"

टीव्हीवर नाही कळणार. ओढ्याला बरोबर कळेल.

निघताना मागं बघितलं. हौसाबाई एकट्याच तो दगड हलू नये म्हणून त्याच्याखाली दगडाच्या चिपा ठोकत बसल्या होत्या, लुगडं चिखलात. दिवसभरातलं खरं काम तेवढंच. आणि कॅमेरा मी पेटीत भरून टाकला होता.