देवीच्या गाभाऱ्यातली पोकळ फरशी

प्रिय मामा,

उद्या सकाळी जेसीबी येणार आहे. पडलेले दगड नाल्यात टाकायचे आणि देवीला सिमेंटचं, टाइल्सचं नवं देऊळ बांधायचं, असं गावानं ठरवलं. म्हणून आज लिहायला बसलो. उद्यानंतर तुमचं रक्त लागलेला तो उंबरा कुणाला सापडणार नाही.

तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. पोलिसांच्या कागदावर लिहिलं आहे, 'देवळाचा जुना दगड डोक्यावर पडून मृत्यू.' त्याच्याखाली नातलग म्हणून माझी सही आहे. अगदी सुवाच्य अक्षरात!

मामा, त्या देवळातला दगड आपण होऊन पडतो का हो?

नववीत माझी शाळा सुटली. आईनं मला अकोल्याहून तुमच्याकडे धाडलं, मामाच्या हाताखाली गुरवकी शीक म्हणून. पहिल्याच आठवड्यात बल्बची वायर बांधायला मी मंडपाच्या खांबात खिळा ठोकू लागलो. तुम्ही मागून येऊन अशी थोबाडीत दिली, की ओठ दातानं फाटला. "त्याले बी असंच लागते बे!" म्हणालात. मग माझी मानगूट धरून वर पाहायला लावलं. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर चार ढेरपोटे यक्ष, डोळे बाहेर आलेले, छताचं ओझं हातांवर घेतलेले. "बारा खांब, अठ्ठेचाळीस जण. मंधात चुना नाही का माती नाही. एकमेकाच्या वजनानं उभे हायेत. एकाले काढलं का बाकीचे मारतेत."

मी रक्त चाटत मोजले. अठ्ठेचाळीस बरोबर होते!

त्या दिवसापासून मी वही केली. तीन गाभारे: मधला महादेवाचा, डावा विष्णूचा, उजवा देवीचा. तिन्हींच्या चौकटी मोजल्या, चौकटींवरच्या पट्ट्या मोजल्या, छताचं दगडी कमळ निजून मोजलं. तुम्ही हसायचात. "देव काय तुह्या टेपानं मोठा होते काय?" पण टेपचं दुसरं टोक तुम्हीच धरायचात.

देवीला अंघोळ घालताना एकदा म्हणालात, "आठ हातात हत्यारं हायेत तिच्या. पण राग हातात नाही, पायात हाय. पाय पाह्य." मी पाहिलं. रेड्याच्या मानेत त्रिशूळ होता, जीभ बाहेर लोंबत होती, आणि देवीचा पाय त्याच्या पाठीत रुतला होता.

आता माझा गुन्हा लिहितो.

पोळ्याच्या आधी मी सगळ्या फरश्या हातोडीनं वाजवून पाहिल्या. देवीच्या गाभाऱ्यातली एक पोकळ वाजली. तुम्हाला विचारण्याआधी मी चहाच्या टपरीवर दिग्याजवळ बोललो. दोन वर्षं त्याची कपाशी उभी वाळली होती. तो कुणाशी धड बोलत नव्हता. मी पोकळ म्हणालो आणि त्यानं कप खाली ठेवला. माझ्याकडे सरकून बसला. "कोणती फरशी? मोजून सांग." माझं इतकं लक्ष देऊन आजवर कुणी ऐकलं होतं का?

संध्याकाळी तुम्ही सांगितलं, "पोट्ट्या, ते पाण्याची वाट हाय. महादेवाच्या अभिषेकाचं पाणी देवीच्या खालून बाहेर गोमुखात जाते." एवढंच होतं ते! टपरीवर परत जाऊन एवढंच सांगायचं होतं. मी गेलो नाही. चुकलो हे दिग्याला कळू द्यायचं नव्हतं. गावात गुप्तधनाची कुजबुज सुरू झाली, तरी मी गप्प.

तिवशाचा बाजार होता. भर दुपारी गाव रिकामं. मी नंदीमागे बसून वहीत रेघा मारत होतो. दिग्या आणि त्याचे दोन चुलतभाऊ पहारीसारखी लोखंडी सब्बल घेऊन आले. फरशी उपटली. खाली ओली नाली! तेव्हा दिग्या पिसाळला. चौकटीच्या बुडात सब्बल घालून म्हणाला, "उंबऱ्याखाली असन."

तुम्ही जेवणावरून धावत आलात. हाताला पिठलं तसंच.

"दिग्या, चौकटीले हात नको लावू बे! वरचं छत तिच्यावर हाय!"

"सर बुढ्या! जिंदगीभर पाणी घातलं तिले, काय देलं तिनं तुले? नारळाच्या वाट्या?"

"तुले काय राग काढाचा तो माह्यावर काढ. तिले सोड."

त्यानं काढला. सब्बल डोक्याच्या मागे बसली. नारळ फुटावा तसा आवाज झाला. तुम्ही उंबऱ्यावर पालथे पडलात. त्यानं तुमच्या पाठीवर पाय रोवला आणि आणखी एकदा मारली. भाऊ चौकट उपटतच होते. ती सरकली, वरची गणपती कोरलेली शिळा सुटली आणि तुमच्या दोन्ही पायांवर आली. मागून छताचे दगड. भाऊ पळाले.

मी अकरा फुटांवर होतो. हातात पेन्सिल. ओरडलो नाही, मामा.

दिग्यानं जाताना माझी कॉलर धरली. "पोकळ हाय हे कोनं सांगतलं? तोंड उघडलं तं पयलं नाव तुहंच येईन."

आणि तुम्ही? का गेलात मध्ये? दगडच होते ना! मागे झाला असतात तर काय बिघडलं असतं? रोज सकाळी गोमुखाजवळ बसून मी तुम्हाला रागानं हे विचारतो. उत्तर मला माहीत आहे. माझ्या ओठावर त्याचा वण आहे.

माणसं जमायच्या आधी मी एकच काम केलं. टेप काढला. तुमचं डोकं ते शिळेची जवळची कड: तीन फूट आठ इंच. रक्त उंबऱ्यावर, शिळेच्या त्या अंगाला टिपूसही नाही. चौकटीच्या बुडात सब्बलीच्या तीन खाचा. सगळं वहीत लिहिलं. आणि मग पोलिसांसमोर म्हणालो, मी तिथं नव्हतो.

तुम्ही गेल्यापासून आई इथंच आहे. आज सकाळी तिला वही दाखवली. तुमची धाकटी बहीण, तिवशाच्या दवाखान्यातसुद्धा रडली नव्हती. तिनं सगळं वाचून घेतलं आणि वही माझ्या छातीवर फेकली. "मले काय दाखवून राहिला? मी ठाणेदार हाओ काय?" मग माझा धुतलेला शर्ट खाटेवर आपटला.

तो घातला आहे. चारच्या एसटीनं तिवशाला निघतो. जेसीबीच्या आधी पोलिसांना उंबऱ्याशी आणतो. ते आले नाहीत, तर उद्या उंबऱ्यावर मी बसलेला असेन. छताला अजून तेहतीस यक्ष धरून आहेत, आजच मोजले.

दिग्याचं नाव दुसरं सांगीन, पहिलं माझं. आणि मामा, ती पाण्याची वाट आहे, एवढं जे टपरीवर सांगायचं राहिलं, ते आज ठाण्यात सांगतो.

तुमचा भाचा,
प्रल्हाद